रास्पबेरी पाय बूट होत नाही? यादी बदलण्याआधी अडलंय कुठे ते शोधा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागा, नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. कुठेही गेलं तरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाची तक्रार एकाच शब्दांत येते: "अण्णा, कालपर्यंत मस्त चालत होतं. लाईट गेली, आली, तेव्हापासून चालूच होईना." मग कोणीतरी सांगतं की बूट ऑर्डर बदला. मालक किंवा विद्यार्थी ती बदलतो, पुन्हा बदलतो, आणि शेवटी आधी काय होतं हेही त्याला आठवत नाही.

बूट ऑर्डर, म्हणजे कोणती डिस्क आधी बघायची त्याची यादी, फक्त पहिल्या काही सेकंदांची गोष्ट ठरवते. सुरुवातीच्या फाईल्स कोणत्या डिस्कवर शोधायच्या, एवढंच तिच्या हातात असतं. कर्नल (सिस्टीमचा गाभा) एकदा मेमरीत चढला की तिचं काम संपलं. नंतर सिस्टीम डिस्कच्या कोणत्या भागावरून, म्हणजे पार्टिशनवरून, चालणार, हे दुसरीच एक फाईल सांगते. 'बूट होत नाही' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बोर्डांत बूट ऑर्डर अगदी बरोबर असते आणि बिघाड पुढच्या टप्प्यात किंवा चार्जरमध्ये निघतो. म्हणून आधी निदान, मग बदल, या क्रमानेच जाऊया.

हा लेख पाय ४, पाय ४०० आणि पाय ५ यांच्यासाठी आहे. पाय ३ चं गणित वेगळं आहे, त्याबद्दल पुढे थोडक्यात येईल. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

आधी चार्जर आणि कचरा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सोलापुरात निम्मा वेळ इथेच वाचतो.

पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. मोबाईलच्या फास्ट चार्जरवर मोठा वॅटेज छापलेला असतो, पण तो ९ किंवा १२ व्होल्टचा हिशोब असतो. पाय मागतो फक्त ५ व्होल्ट. लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जरसुद्धा ५ व्होल्टला साधारण ३ अँपिअरच देतो. पाय ५ ला हे कळतं आणि तो यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर सोडतो. ५ अँपिअरचा योग्य चार्जर असेल तर हीच मर्यादा १.६ अँपिअर होते. यूएसबीला लावलेली एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) सुरू होताना जो झटका घेते, त्याला ६०० मिलिअँपिअर पुरतीलच असं नाही.

पाय ५ वर आणखी एक गोष्ट आहे. कमी ताकदीचा चार्जर ओळखला तर तो यूएसबीवरून बूट व्हायलाच नकार देतो, आणि ५ अँपिअरचा चार्जर हवा असा संदेश पडद्यावर दाखवतो. त्या वेळी पॉवरचं बटण दाबलं तर तेवढ्यापुरता पुढे जातो. पडदा न लावता ठेवलेल्या बोर्डात हा संदेश कोणाला दिसणार? लोकांना वाटतं एसएसडी गेली. कॉन्फिग फाईलमध्ये 'यूएसबी_मॅक्स_करंट_एनेबल=१' लिहून ही अट काढता येते. पण चार्जर खरंच दमदार असेल तरच ते करा, नाहीतर बिघाड फक्त पुढे ढकलला जातो.

बोर्ड कशावरूनही चालू होत असेल तर 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा द्या. उत्तर ०एक्स० आलं तर वीज ठीक आहे. ०एक्स५०००० आलं तर चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं होतं आणि वेगही कापला गेला होता. ०एक्स५०००५ म्हणजे हे आत्ता, या क्षणी चालू आहे. असं दिसलं तर बूट ऑर्डरला हात लावू नका. चार्जर आणि केबल बदला, मग बोला.

मागांच्या शेजारी ठेवलेल्या बोर्डाचं आणखी एक दुखणं म्हणजे सुताचा फुफाटा. मेमरी (एसडी) कार्डच्या खाचेत आणि यूएसबी पोर्टात तो बसतो आणि संपर्क अर्धवट होतो. सगळं बंद करून कोरड्या मऊ ब्रशने खाच साफ करा, कार्ड काढून परत बसवा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये बंद डब्यात बोर्ड असेल तर त्याला पंखा द्याच. उन्हाने बूट ऑर्डर बिघडत नाही, पण तापलेलं स्वस्त कार्ड लवकर मान टाकतं.

अडलंय कुठे, ते पडदा सांगतो

आता एचडीएमआय पडदा लावा. पाय ४ आणि ५ वर दोन छोटे एचडीएमआय असतात. त्यातला वीजजोडणीच्या जवळचा वापरा, आणि पडदा आधी चालू करून मग बोर्डाला वीज द्या. पुढे काय दिसतं त्यावर सगळं अवलंबून आहे.

पांढऱ्या अक्षरांतली माहिती आणि रास्पबेरीचं चित्र असलेला पडदा आला तर बूटलोडर, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम, अजून डिस्क शोधतोय. 'बूट' या शब्दाने सुरू होणारी ओळ वाचा. त्या ओळीत आत्ता कोणता प्रकार तपासला जातोय आणि ऑर्डरमध्ये काय आहे, दोन्ही लिहिलेलं असतं. 'एसडी: कार्ड नॉट डिटेक्टेड' दिसलं तर कार्डची खाच रिकामी आहे किंवा संपर्क नाही. यूएसबीची पाळी येऊन गेली आणि डिस्कचं नावच आलं नाही, तर केबल, अडॅप्टर किंवा वीज. डिस्क दिसली पण फाईल सापडत नाही असं म्हणत असेल, तर डिस्कवर फॅट प्रकारचं बूट पार्टिशन नाही किंवा त्यातल्या फाईल्स गेल्या. यादी बदलून फायदा होण्याची शक्यता असलेली जागा हीच.

पाय ४ वर सप्तरंगी चौकोन येऊन तिथेच थांबला, तर बूटलोडरने आपलं काम केलं आहे, फर्मवेअर चढलं आहे आणि कर्नल सापडत नाही किंवा खराब आहे. यादीला दोष देऊ नका.

काळ्या पडद्यावर भराभर ओळी गेल्या आणि शेवटी 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' किंवा 'पार्टयूयूआयडी... डझ नॉट एक्झिस्ट' असं येऊन अडलं, तर कर्नल चालू आहे आणि मूळ (रूट) पार्टिशन, म्हणजे जिथे सिस्टीम असते ते, सापडत नाही. इथेही बूट ऑर्डर निर्दोष.

पाय ५ मध्ये जुन्या पाय ४ ची डिस्क लावली आणि 'इन्स्टॉल्ड ऑपरेटिंग सिस्टीम डझ नॉट इंडिकेट सपोर्ट' असा मजकूर आला, तर सिस्टीम 'बुकवर्म' या आवृत्तीच्या आधीची आहे. नवीन सिस्टीम टाकण्याला पर्याय नाही.

पडदा नसेल तर हिरवा दिवा बघा. थोड्या थोड्या वेळाने ४ छोटे ब्लिंक म्हणजे स्टार्ट फाईल सापडली नाही, ७ म्हणजे कर्नल सापडला नाही, ८ म्हणजे मेमरीचा बिघाड. पाय ५ मध्ये स्टार्ट फाईलचं काम बोर्डावरच्या ईईप्रॉम चिपमध्येच होतं, म्हणून तिथे ४ ब्लिंकची वाट बघू नका.

यादी वाचायची कशी

पाय ४ पासून बोर्डावर ईईप्रॉमची एक छोटी चिप असते. बूटलोडर आणि त्याची सेटिंग दोन्ही त्यात राहतात. कार्ड बदला, डिस्क बदला, यादी तीच राहते. दुसऱ्याकडून घेतलेला जुना बोर्ड 'विचित्र' वागतो तो यामुळेच: आधीच्या मालकाने ठेवलेली यादी त्यात तशीच असते.

'व्हीसीजेनसीएमडी बूटलोडर_कॉन्फिग' दिल्यावर 'बूट_ऑर्डर' अशी ओळ दिसेल. पाय ४ वर मूळची किंमत ०एक्सएफ४१, पाय ५ वर ०एक्सएफ४६१. आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. १ म्हणजे कार्ड, २ नेटवर्क, ४ यूएसबी डिस्क, ६ एनव्हीएमई (पट्टीसारखी, यूएसबीविना जोडलेली एसएसडी), ई म्हणजे थांब, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ०एक्सएफ४१ चा अर्थ: आधी कार्ड, मग यूएसबी, काहीच नाही मिळालं तर परत सुरुवात. लोक डावीकडून वाचतात आणि 'यूएसबी आधीच आहे की' म्हणून तासभर घालवतात. ई ने संपणारी यादी असेल तर बोर्ड एक फेरी मारून गप्प बसतो. लाईट आल्यावर डिस्क उशिरा जागी झाली तर तो परत प्रयत्न करत नाही. माणूस जवळ नसलेल्या ठिकाणी डावीकडे नेहमी एफ असावा.

बूटलोडर दारोदार जाणाऱ्या पोस्टमनसारखा आहे. ज्या दारातून उत्तर आलं तिथे पत्र देऊन तो मोकळा होतो, आत घरात काय चाललंय ते तो बघत नाही. कार्डवर बूट पार्टिशन शाबूत असेल आणि मूळ पार्टिशन मेलेलं असेल, तर बूटलोडर कार्डावर समाधानी होतो, कर्नल चढवतो आणि कर्नल अडकतो. धडधाकट एसएसडी शेजारी लावलेली असते, पण तिची पाळी येतच नाही. लाईट जाण्या-येण्याने मेलेली कार्डं बहुतेक याच अवस्थेत सापडतात. सगळ्यात सोपी चाचणी: कार्ड काढा आणि फक्त एसएसडीवर चालू करून बघा. चालू झालं तर यादी बरोबर आहे, कार्ड फेकून द्या.

यादी बदलायची वेळ आली तर

आधी आत्ताची किंमत कागदावर लिहून ठेवा. मग 'सुडो रास्पी-कॉन्फिग', त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात बूट ऑर्डर. कार्ड आधी की यूएसबी-एनव्हीएमई आधी, हे तिथे निवडता येतं. नेमका आकडा हवा असेल तर 'सुडो आरपीआय-ईईप्रॉम-कॉन्फिग --एडिट' द्या, ओळ बदला, जतन करा आणि रीबूट करा. बदल लगेच होत नाही. तो फाईल म्हणून बूट पार्टिशनवर ठेवला जातो आणि पुढच्या बूटला बूटलोडर तो उचलतो.

इथे एक सापळा आहे. बूट कार्डवरून होतंय आणि सिस्टीम एसएसडीवरून चालते, अशी खिचडी झाली असेल, तर बदलाची फाईल एसएसडीच्या बूट पार्टिशनवर पडते. बूटलोडर मात्र कार्डाकडे बघतो आणि त्याला ती मिळत नाही. तुम्ही कितीही वेळा बदला, रीबूटनंतर जुनाच आकडा दिसतो.

अशी खिचडी आहे का ते पक्कं कळायला दोन गोष्टी ताडून बघा. 'फाइंडमाउंट /' ने मूळ पार्टिशन कुठलं ते दिसतं: एमएमसीबीएलके म्हणजे कार्ड, एसडीए म्हणजे यूएसबी डिस्क, एनव्हीएमई तर नावातच आहे. आणि कर्नल कुठून चढला ते 'एक्सएक्सडी -पी /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/चोझन/बूटलोडर/बूट-मोड' सांगतं. त्याच्या शेवटी १ आला तर कार्ड, ४ आला तर यूएसबी, ६ आला तर एनव्हीएमई. ही दुसरी आज्ञा फार कमी जणांना माहीत असते, पण वाद एका ओळीत मिटवते. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर तुमचा प्रश्न पुढच्या भागातला आहे.

२०१९ किंवा २०२० च्या सुरुवातीला घेतलेला पाय ४ असेल आणि कधीच अपडेट केला नसेल, तर त्याच्या बूटलोडरला यूएसबी बूट येतच नाही. ही सोय २०२० मध्ये आली. 'सुडो आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट' ने स्थिती बघा, शेवटी '-ए' लावून अपडेट करा. अपडेट चालू असताना लाईट जाणार नाही याची काळजी घ्या, इन्व्हर्टरवर लावूनच करा.

काहीच चालू होत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर उघडा. मिस्क युटिलिटी इमेजेसमध्ये बूटलोडर हा पर्याय आहे. तो एखाद्या रिकाम्या कार्डावर लिहा, बाकी सगळं काढून ते कार्ड घाला, वीज द्या. हिरवा दिवा भराभर, एकसारखा लुकलुकू लागला आणि पडदा हिरवा झाला की ईईप्रॉम मूळ स्थितीत आलं. मग वीज बंद करून ते कार्ड काढून ठेवा.

दोन डिस्क, एकच ओळख

खरं दुखणं इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बूट पार्टिशनवर 'सीएमडीलाइन' नावाची मजकूर फाईल असते. तिच्यात 'रूट=पार्टयूयूआयडी=' आणि पुढे एक ओळख-क्रमांक, शेवटी -०२. कर्नल या ओळखीचं पार्टिशन शोधतो आणि त्यालाच मूळ मानतो. 'ईटीसी'तल्या 'एफएसटॅब' फाईलमध्ये हीच ओळख -०१ आणि -०२ सकट परत येते.

कार्डवरून एसएसडीवर जशीच्या तशी नक्कल केली की ओळखही नक्कल होते. आता दोन्ही डिस्क लावलेल्या असताना एकाच ओळखीची दोन पार्टिशन्स असतात. जे आधी दिसेल ते घेतलं जातं. आज कार्ड, उद्या एसएसडी. मग मालक सांगतो, "कालच्या पाळीचं उत्पादन नोंदवलं होतं, आज गायब." नोंदी गायब झालेल्या नसतात, त्या दुसऱ्या डिस्कवर असतात.

सुधारण्याची पद्धत अशी. एसएसडी काढून ठेवा, फक्त कार्डवर चालू करा, पूर्ण चालू झाल्यावर एसएसडी लावा. 'एलएसबीएलके -ओ नेम,साइज,माउंटपॉइंट,पार्टयूयूआयडी' देऊन दोघींची ओळख बघा. सारखी असेल तर 'सुडो एफडिस्क /डेव्ह/एसडीए' उघडा. पण एसडीए हीच एसएसडी आहे ना, ते आकारावरून आधी पडताळा. एक्स दाबून तज्ज्ञ मेनू, आय दाबून नवीन ओळख (०एक्स आणि आठ अंक-अक्षरं), आर दाबून परत, डब्ल्यू दाबून जतन. यानंतर एसएसडीची दोन्ही पार्टिशन्स माउंट करून तिच्यावरच्या सीएमडीलाइन आणि एफएसटॅब, दोन्हींत नवीन ओळख लिहा. सीएमडीलाइनमधला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे, मध्ये एंटर पडला की पुढचं वाचलंच जात नाही. बंद करा, कार्ड काढा, एसएसडीवर चालू करा.

ओळख बरोबर आहे आणि तरीही डिस्क मध्येच गायब होते? एसएसडी निळ्या पोर्टातून काढून काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा. तिथे चालली तर दोष बहुधा साटा-यूएसबी अडॅप्टरच्या चिपचा. सीएमडीलाइनमध्ये 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=' पुढे 'एलएसयूएसबी'ने दाखवलेले दोन क्रमांक आणि ':यू' लिहिलं तर कर्नल जुन्या पद्धतीने बोलतो, वेग कमी होतो पण टिकतं. कारखान्यातल्या बोर्डासाठी मी मात्र अडॅप्टर बदलायला सांगतो.

फिरती हार्ड डिस्क असेल तर ईईप्रॉमच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी_एमएसडी_स्टार्टअप_डिले' वाढवून बघा. किंमत मिलिसेकंदांत असते, ५००० म्हणजे ५ सेकंद. पाय ५ वर एनव्हीएमईची पट्टी दिसतच नसेल आणि हॅट (पायवर बसणारा जोड-बोर्ड) साध्या, जुन्या प्रकारचा असेल, तर त्याच जागी 'पीसीआयई_प्रोब=१' टाका. रिबिन केबल दोन्ही टोकांना सरळ बसली आहे ना, ते त्याआधी बघा.

पाय ३ मध्ये ईईप्रॉम नाही. ३ बी प्लसला यूएसबी बूट आतूनच चालू असतं. साध्या ३ बी ला कॉन्फिग फाईलमध्ये 'प्रोग्रॅम_यूएसबी_बूट_मोड=१' टाकून एकदा चालू करावं लागतं. तो बदल चिपमध्ये कायमचा कोरला जातो, मागे घेता येत नाही.

कोणती यादी ठेवावी

'एसएसडी वापरता ना, मग यूएसबी आधी करा' असा सल्ला सगळे देतात. मला तो पटत नाही. यादी मूळचीच ठेवा, आधी कार्ड, आणि कार्डची खाच रिकामी ठेवा. खाच रिकामी असली की बूटलोडर लगेच पुढे सरकतो आणि एसएसडी घेतो. उद्या एसएसडी बिघडली तर सिस्टीम टाकून तयार ठेवलेलं सुटका-कार्ड घालायचं, वीज द्यायची, बोर्ड कार्डवर उठतो. यादीला हात न लावता, पडदा न जोडता. एक लक्षात ठेवा, यादी कोणतीही असली तरी कोणीतरी नोंदी कॉपी करायला लावून विसरलेला, जुनी सिस्टीम असलेला पेन ड्राइव्ह पहाटे लाईट आल्यावर बोर्डाचा ताबा घेऊ शकतो.

सगळं झाल्यावर चाचणी रीबूटने घेऊ नका. रीबूटमध्ये चार्जरकडून येणारी वीज तुटत नाही, त्यामुळे बरं दिसतं. व्यवस्थित शटडाऊन करा, भिंतीवरचं बटण अर्धा मिनिट बंद ठेवा, मग चालू करा. हे बोर्ड जिथे राहणार त्याच जागी, त्याच चार्जरवर, माग चालू असताना करा. लाईट आल्यावर सगळे माग एकदम ओढतात तेव्हा व्होल्टेज कसं राहतं, ते टेबलावर कळत नाही. मग डब्याच्या झाकणाच्या आतून एक पट्टी चिकटवा: बूट ऑर्डरचा आकडा, एसएसडीची ओळख, चार्जर किती अँपिअरचा, सुटका-कार्ड कुठल्या कपाटात आहे.